काथ्या गल्लीचे अकरा फूट

मांडवखारच्या बाजारातून बंदरावर जायला काथ्या गल्लीसारखी जवळची वाट नाही, असं पन्नाशीपुढची माणसं २०२३ सालीही बोलून जात आणि मग जीभ चावत. गल्ली राहिलीच नव्हती. बाजाराकडच्या तोंडावर लॉजचं काचेचं दार होतं, बंदराच्या बाजूला त्याच लॉजच्या भटारखान्याची भिंत, आणि मधल्या लांबीवर स्लॅब. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं त्या स्लॅबखाली गार हवेत बसून सोलकढी पीत.

या गल्लीचं मोजमाप तोंडपाठ असलेला गावात एकच माणूस होता, भागोजी काळूराम कासारे. नगर भूमापन कार्यालयातून तो मोजणीदार म्हणून निवृत्त झाला. अंगाने बेताचा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, बोलणं मोजकं. बौद्धवाडीत दोन खोल्यांचं पक्कं घर, बायको जयमाला, एकुलती मुलगी थळला दिलेली. कुणाचं कुंपण सरकलं, कुणी भिंत पुढे घेतली की लोक भागोजीकडे यायचे. माणूस शांत, असं सगळे म्हणत. जयमाला मात्र म्हणायची, "शांत न्हाय, साठवून ठेवनारा हाय."

२०२३ च्या जानेवारीत एका सकाळी सुचिता त्याच्या दारात आली. ती गावातल्या शाळेत शिक्षिका, काथ्या गल्लीतल्या सदाभाऊंची सून. नवरा पुण्याला नोकरीला, सासऱ्यांचं सगळं तिच्याच अंगावर. चपला बाहेर काढून ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, आमच्या घराला रस्ताच उरला नाही," ती म्हणाली. "लॉजवाल्या विनेशने गल्लीतली सोळा घरं घेतली. आमचं एकच राहिलं. लॉकडाउनमध्ये त्याने दोन्ही तोंडांना पत्रे लावले, मग भिंती घातल्या, मग वर स्लॅब टाकला. आता मागच्या दाराने गटारावरच्या फळीवरून जायचं आणि खारबांधाने अर्धा कोस फिरून बाजारात यायचं. मामंजींना अर्धांगवायू झालाय. आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यावं लागतं. दोन मजूर खुर्चीत घालून बांधावरून नेतात."

"नगरपरिषद काय म्हणते?"

"गल्ली सार्वजनिक होती हे सिद्ध करा म्हणते. आणि भूमापनवाले म्हणतात, नकाशाचं जुनं शीट नेमकं त्याच घडीवर फाटलंय, नक्कल मिळणार नाही. तिथल्याच एकांनी सांगितलं, तुमच्याकडे जुनी नक्कल आहे."

"आहे," भागोजी म्हणाला. "रीतसर अर्ज करून घेतलेली. शिक्क्याची."

सुचिताचा चेहरा उजळला. "मग द्याल?"

"माझ्याकडे यायला तुमच्या मामंजींनी सांगितलं?"

ती अडखळली. खोटं बोलणारी बाई नव्हती. "नाही. ते म्हणाले, कुणाचेही पाय धर, पण त्याच्याकडे जाऊ नकोस."

"म्हणजे त्यांना आठवतंय," भागोजी म्हणाला. तो उठला, तिच्यासाठी दार पुरतं उघडलं आणि म्हणाला, "त्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, वळसा घाला. ते समजतील."

सुचिता गेली. जयमाला आतून चहा घेऊन आली होती, तो तिने तसाच परत नेला.

सदाभाऊंना समजणार होतंच.

काथ्या गल्ली नावाप्रमाणे काथ्याची. खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं तिथल्या अंगणांत येत, कुटली जात, दोर वळले जात आणि बंदरातून गलबतांना जात. कुटणाऱ्या बाया बौद्धवाडीतल्या. तेव्हा त्या वस्तीला दुसरंच नाव होतं आणि ते हाक मारण्यापेक्षा हाकलण्यासाठी जास्त वापरलं जाई. भागोजीची आई कमळाबाई परकराच्या वयापासून त्या गल्लीत काथ्या कुटत असे. कामाच्या वेळी गल्ली उघडी होती. हात हवे होते, मग पायांचा विटाळ कोण धरतो?

पुढे गिरणीत वळलेले स्वस्त दोर आले आणि काथ्याचा धंदा बसला. कामाची गरज सरली. छप्पन्न साली वस्तीने बुद्धाची वाट धरली, जुनी कामं टाकली, आणि सत्तावन्न साली गल्लीच्या बाजाराकडच्या तोंडाला सागवानी फाटक बसलं. गुरं शिरतात म्हणून, असं सांगितलं गेलं. गुरं त्याआधी दोनशे वर्षं शिरत होती. फाटक बसवलं ते दोरांचा व्यापार करून गबर झालेल्या घराने, म्हणजे सदाभाऊंच्या वडिलांनी. अडसर आतून. बौद्धवाडीच्या माणसाला बंदर गाठायचं तर खारबांधाने फिरून जायचं, हा तेव्हापासूनचा नेम.

पंचाहत्तर सालच्या चैत्रात भागोजीचा बाप काळूराम मिठागरात काम करत होता. मिठाच्या राशीवर झाकलेले झावळ्यांचे झाप उचलताना त्याला नाग चावला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. विषावरची लस होती ती अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात, आणि तिकडे जायला भरतीच्या वेळी सुटणारी लाँच. त्या दिवशी ती साडेअकराला होती. चौघांनी काळूरामला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि पळत सुटले. पुढे कमळाबाई, मागे चौदा वर्षांचा भागोजी, हातात बापाची वहाण. ती त्याने कशासाठी उचलली होती हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

फाटकाशी आले तेव्हा लाँच लागलेली दिसत होती. फळ्यांच्या फटीतून सरळ बंदर दिसे. एकशे चाळीस पावलं. कमळाबाईने दोन्ही हातांनी फाटक बडवलं.

"वो दादा, उघडा वो! मानूस जातोय माजा. निस्ता जाऊ द्या, कशाला शिवनार न्हाय आमी!"

बऱ्याच वेळाने सदा आला. तेव्हा तो सदाभाऊ झाला नव्हता, सत्तावीस वर्षांचा, बनियनवर. त्याने वरच्या फटीतून झोळीकडे पाहिलं.

"गल्ली खासगी आहे," तो म्हणाला. "घरात सोवळ्याचं कार्य चाललंय. वळसा घाला."

"दादा, लाँच सुटंल..."

"मग बडबडत काय उभी राहिलीस? पळा."

ते पळाले. खारबांध त्या वर्षी दोन ठिकाणी फुटलेला होता. गुडघाभर चिखलातून झोळी डोक्यावर धरून काढली. बंदरावर पोचले तेव्हा लाँच खाडीच्या मध्यावर होती. चौघांनी हाका मारल्या, कमळाबाईने पदर हलवला, पण लाँच वळली नाही. पुढची भरती रात्री. एक मचवा मिळाला, पण तोवर काळूरामच्या पापण्या मिटल्या होत्या आणि श्वास लागला होता. बंदराच्या पायऱ्यांवर दुपारी दोनच्या सुमारास तो गेला. पायऱ्यांना लागून असलेल्या घरातून महेरुन्निसा नावाची बाई तांब्या घेऊन आली आणि कमळाबाईला धरून बसली. तिचा मुलगा यूनुस भागोजीच्या वयाचा. तो भागोजीशेजारी उभा राहिला. त्या दिवसापासून ते दोस्त.

फाटक ब्याऐंशी साली निघालं. नळाचे पाइप टाकायला खणलं तेव्हा खांब उखडले आणि पुन्हा कुणी उभे केले नाहीत. गल्लीत शिंपी आला, पिठाची गिरणी आली, कॅसेटचं दुकान आलं, मग एसटीडीचा पिवळा डबा आला, मग भाड्याच्या स्कूटर. बौद्धवाडीची पोरं त्या गल्लीतून शिट्ट्या मारत बंदरावर जाऊ लागली. तिथे कधी फाटक होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कमळाबाई मात्र दोन हजार चार साली मरेपर्यंत खारबांधानेच गेली.

भागोजी मॅट्रिक झाला आणि भूमापन खात्यात लागला. पहिली काही वर्षं माणगावला काढली, एक्याण्णव साली बदलून आपल्या गावी आला. पहिल्याच आठवड्यात त्याने कपाटातून काथ्या गल्लीचं शीट काढलं. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचं, कापडावर चिकटवलेलं. गल्लीला नंबर नव्हता. खासगी जागेला नंबर असतो. चौकशी नोंदवहीत स्वच्छ मोडीत आणि खाली बाळबोधीत लिहिलेलं होतं: सरकारी रस्ता, रुंदी अकरा फूट, वहिवाट सर्व लोकांची.

सर्व लोकांची. त्याने ते तीन वेळा वाचलं. आईने ज्या फाटकावर हात आपटले, ते फाटकच मुळात चोरीचं होतं. संध्याकाळी त्याने नकलेचा अर्ज लिहिला, स्वतःच्या नावाने, फी भरून. आलेली नक्कल पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि कुणाला दाखवली नाही. फाटक तर उरलं नव्हतं, तक्रार कसली करायची? पण पेटीत काय आहे हे त्याला रोज ठाऊक होतं. सदाभाऊ रस्त्यात दिसले, "काय भागोजीराव, बरं आहे ना?" म्हणाले, की तो मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, अकरा फूट.

आता वेळ आली होती.

मंगळवार आणि शुक्रवार सकाळी नऊच्या सुमारास सदाभाऊंची खुर्ची खारबांधावरून जाई. यूनुस कुवेतला पंधरा वर्षं काढून परतला होता आणि बंदरावर त्याने सोड्याचं दुकान घातलं होतं. तिथून बांध सरळ दिसे. भागोजी बाकावर येऊन बसू लागला. लाल प्लॅस्टिकची खुर्ची, दोन्ही बाजूंना मजूर, खुर्चीत मान एका अंगाला कललेला म्हातारा. भरती मोठी असली की मजुरांचे पाय घसरायचे. एकदा खुर्ची तिरकी झाली आणि सदाभाऊंचा चष्मा चिखलात पडला. तो शोधायला मजुराला पाच मिनिटं लागली. भागोजीने तोवर सोडा संपवला.

"भागोजीभाय," यूनुस म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. पण किती दिवस बघणार?"

"मोजत नाही."

"तू? तू मोजत नाहीस?" यूनुस हसला, पण भागोजी हसला नाही.

घरी जयमालाने वेगळंच विचारलं. "त्या मास्तरीणबायचा काय गुन्हा? ती तवा जल्मली पन न्हवती."

"तिने वळसा घालू नये. तिने घर बदलावं."

"आनि तुमाला काय हवं?"

हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नव्हता. दोन दिवस त्याने विचार केला, आणि फेब्रुवारीच्या शेवटी सुचिता पुन्हा आली तेव्हा उत्तर तयार होतं.

"नक्कल देतो. सुनावणीला साक्षही देतो. पण तुमच्या मामंजींनी प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं. गल्ली सर्व लोकांची होती, तिला आमच्या घराने बेकायदा फाटक लावलं, बौद्धवाडीच्या लोकांना अडवलं. आणि पंचाहत्तर साली काळूराम कासारेला दवाखान्यात नेताना मी स्वतः फाटक उघडलं नाही, म्हणून लाँच चुकली आणि तो बंदरावर मेला. नावानिशी. वकिलापुढे सही."

"हे... हे खरं आहे?"

"त्यांना विचारा."

तीन आठवडे काही झालं नाही. खुर्ची जात होती, येत होती. मग एका रविवारी सुचिताचा फोन आला. "या. ते तयार आहेत."

भागोजी खारबांधाने गेला, फळीवरून गटार ओलांडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात शिरला. लॉजच्या पंख्यांची घरघर भिंतीपलीकडून येत होती. सदाभाऊ खाटेवर उशांना टेकून होते. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"बस, भाग्या," ते म्हणाले. आजाराने त्यांचं 'भागोजीराव' पुसून टाकलं होतं.

भागोजी उभाच राहिला. सुचिताने बोलावलेला वकील कोपऱ्यात बसला होता, ती स्वतः कागद घेऊन बसली. सदाभाऊ सांगत गेले, ती लिहीत गेली. सांगणं फाटकापर्यंत आलं. भागोजीने आठवण करून दिली, "त्या दिवशी घरात सोवळ्याचं कार्य होतं, हेही लिहा. सगळं खरं असू दे."

सदाभाऊंनी नजर छताकडे वळवली. "कार्य नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"काही कार्य नव्हतं घरात. आदल्या रात्री अलिबागला नाटक बघून उशिरा आलो होतो. निजलेलो. तुझ्या आईने बडवून उठवलं. डोकं उठलं. म्हणून..." त्यांनी चालता हात किंचित हलवला. "तोंडाला आलं ते बोललो. नंतर अडसर काढावासा वाटला. पण परत उठून जायचा कंटाळा केला."

सुचिताचं पेन थांबलं.

अठ्ठेचाळीस वर्षं भागोजीने त्या फाटकामागे होम पेटलेला पाहिला होता, मंत्र ऐकले होते. निदान एक देव तरी उभा होता बापाच्या आड, कितीही खोटा का असेना. आणि तिथे होतं काय, तर झोपमोड झालेला एक माणूस.

"लिहा," तो सुचिताला म्हणाला. "कंटाळा केला. तोच शब्द लिहा."

तिने लिहिला. सदाभाऊंनी डाव्या हाताने सही केली आणि डोळे मिटून विचारलं, "झालं ना आता?"

भागोजी निघाला. घरी येऊन त्याने पेटी उघडली. तिच्यात नकलेखाली आणखी एक कागद होता. तो बाहेर काढायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, जयमालाला तसा शब्दही दिला होता. दोन हजार सतरा साली सदाभाऊंनी आपलं पुढचं अंगण विनेशला विकलं, त्या खरेदीखताची ती प्रत. रजिस्टर कचेरीतून कुणालाही मिळते. तिच्यात सदाभाऊंच्या सहीवर लिहिलेलं होतं: 'अंगणापुढील बोळ आमच्या वडिलोपार्जित खासगी मालकीचा असून तोही या खरेदीत दिला आहे.' म्हणजे सरकारी रस्ता आपला म्हणून विकला. विनेशच्या भिंतीला आधार होता तो या एका वाक्याचा.

जयमालाने कागद ओळखला. "शबूद दिलावता तुमी."

"कार्य नव्हतं घरात, जयमाला. झोपला होता."

पेटीचं झाकण तिनेच लावलं, पण कागद त्याच्या हातातच राहू दिला.

सुनावणी एप्रिलमध्ये झाली. नगरपरिषदेच्या सभागृहात मुख्याधिकारी बाई, विनेश आणि त्याचा वकील, सुचिता, खुर्चीत सदाभाऊ, मागे बौद्धवाडीची तीस-चाळीस माणसं. भागोजीने नक्कल मांडली. रुंदी, लांबी, वळण, दोन्ही टोकांच्या खुणा, एकही आकडा कागदात न बघता सांगितला. मग प्रतिज्ञापत्र वाचायची परवानगी मागितली आणि स्वतः वाचलं. सावकाश, जसा मोजणीचा पंचनामा वाचतात तसं. 'कंटाळा केला' या शब्दाशी आला तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून बाहेर गेली. झोळी धरणाऱ्या चौघांपैकी एकाची ती विधवा होती, सोनूबाई. सदाभाऊ मान खाली घालून होते.

विनेशचा वकील उठला. "नकाशा जुना आहे. माझ्या अशिलाने बोळ रीतसर विकत घेतलाय."

"घेतलाय," भागोजी म्हणाला, "हे बघा." आणि खरेदीखत टेबलावर ठेवलं. "विकणाऱ्याने आज प्रतिज्ञेवर सांगितलं की गल्ली सर्व लोकांची. सतरा साली सही करून सांगितलं की खासगी. दोन्ही सह्या त्यांच्याच. माझी विनंती आहे, विकणारा आणि घेणारा, दोघांवर कारवाई व्हावी."

सुचिता उभी राहिली. अंगण विकलं हे तिला ठाऊक होतं, ते वाक्य ठाऊक नव्हतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग भागोजीकडे.

बाहेर पायरीवर तिने त्याला गाठलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं. आमच्यावर गुन्हा दाखल होणार, हे माहीत असून तुम्ही माझ्याकडून ते लिहून घेतलंत."

"हो."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला, काका."

"माझ्या आईनेही फाटकावर विश्वास ठेवूनच हात मारले होते, बाई."

"फरक काय राहिला मग तुमच्यात आणि त्यांच्यात?"

"मी जागा होतो," भागोजी म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

निकाल जूनमध्ये आला. गल्ली सार्वजनिक, भिंती आणि स्लॅब काढा, खोट्या खरेदीबद्दल दोघांवर गुन्हा. विनेश वरच्या कोर्टात गेला. तिथे तूर्त सहा फूट वाट मोकळी ठेवायचा हुकूम झाला, बाकीचं निकालानंतर. भटारखान्याची भिंत फोडली त्या दिवशी बौद्धवाडीच्या पोरांनी ढोल आणला होता. सदाभाऊंच्या घराला पुढचं दार परत मिळालं, आणि त्याच दारातून पहिला आत गेला तो समन्स घेऊन आलेला शिपाई.

"बरं वाटलं?" यूनुसने विचारलं.

"वाटलं," भागोजी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं." थोड्या वेळाने म्हणाला, "सुचिताबाई शाळेतून येताना दिसल्या की तेवढं राहत नाही."

त्याने माफी मागितली नाही, तिने हिशेब मागितला नाही. जयमाला मात्र एकदा सुचिताकडे जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

खटल्याच्या तारखा अलिबागला पडतात. कोर्ट पहिल्या मजल्यावर. मागच्या तारखेला एकच मजूर आला होता. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने सुचिता, अशी दोघं खुर्ची उचलून जिना चढत होती. मध्यावर सुचिताचा हात सुटायला लागला. भागोजी वरच्या बाकावर साक्षीदार म्हणून बसला होता. हातात पिशवी, वरची गुंडी लावलेली. सदाभाऊंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एक अनोळखी वकील धावत खाली गेला आणि त्याने खुर्चीला हात दिला.

भागोजी जागचा हलला नाही. नाव पुकारलं तेव्हाच उठला.